मायटोकॉन्ड्रियाच्या गोळ्या निवडताना: फोंड्यातून एक अनुभव

वाढत्या वयात पेशींमधले मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऊर्जा तयार करणारे सूक्ष्म भाग, सुदृढ राहावेत म्हणून विकल्या जाणाऱ्या अँटिऑक्सिडंट गोळ्यांपैकी काही घ्यावे का, घ्यायचे असल्यास कोणते, आणि बाटलीवर छापलेले आत खरोखर असते की नाही हे सामान्य माणसाने कसे पाहावे, या तीन प्रश्नांचा पाठपुरावा मी २०२४च्या चवथीपासून २०२५च्या पावसाळ्यापर्यंत केला. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. वैद्यकाशी माझा संबंध रुग्णाची नातेवाईक एवढाच. म्हणूनच जे कळत गेले ते क्रमाने लिहीत आहे. माझ्यासारख्या आणखी कोणाच्या टेबलावर आज अशा बाटल्या असतील, तर निदान कोणाला काय विचारायचे हे त्यांना ठाऊक असावे.

माझ्या यजमानांचे वय ६६. २०१९ साली त्यांची अँजिओप्लास्टी झाली. तेव्हापासून रोसुव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे, स्टॅटिन गटातले औषध) २० मिलिग्रॅम, अ‍ॅस्पिरिन आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू आहे. २०२४च्या पावसाळ्यात जिना चढताना त्यांच्या मांड्या दुखू लागल्या आणि दुपारपर्यंत गळून गेल्यासारखे होऊ लागले. सप्टेंबरमध्ये माझा अमेरिकेतला भाचा चवथीला आला, तेव्हा त्याने तीन बाटल्या आणल्या. एकीत युबिक्विनॉल, म्हणजे कोएन्झाइम क्यू-१०चे एक रूप, होते. दुसरीत अल्फा लिपोइक आम्ल. तिसरीत रेस्व्हेराट्रॉल (द्राक्षांत आढळणारा घटक) आणि पीक्यूक्यू नावाचे आणखी एक अँटिऑक्सिडंट यांचे मिश्रण. ‘मावशी, स्टॅटिनमुळे क्यू-१० कमी होतो, तिथे सगळे घेतात,’ असे त्याने मोठ्या मायेने सांगितले, आणि त्यातले पहिले अर्धे वाक्य बरोबरही आहे. कोलेस्टेरॉल तयार करणारी यकृतातली जी साखळी स्टॅटिन अडवते, तिच्याच एका फांदीवर शरीर स्वतःचे क्यू-१० बनवते. त्यामुळे स्टॅटिन घेणाऱ्यांच्या रक्तातले त्याचे प्रमाण घटते. परंतु रक्तातले प्रमाण घटणे आणि त्यामुळेच स्नायू दुखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट सिद्ध आहे का, हे पाहिल्याशिवाय बाटली उघडायची नाही, असे आम्ही दोघांनी ठरवले.

सप्टेंबर आणि ऑक्टोबर वाचनात गेले. शनिवारी कदंब बसने पणजीला जाऊन पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बसायचे, आणि घरी रात्री मोबाईलवर वैद्यकीय नियतकालिकांतले सारांश वाचायचे, असा क्रम होता. सुरुवातीला फार दडपण आले, कारण प्रत्येक पानावर नवे नाव आणि प्रत्येक विक्रेत्याकडे एखादा ‘अभ्यास’. मग मी मूळ कल्पनेपासून सुरुवात केली. १९५६ साली डेनहॅम हार्मन यांनी मांडले की शरीरात सतत तयार होणारे मुक्त मूलक, म्हणजे चटकन अभिक्रिया करणारे अस्थिर रेणू, पेशींची हानी करतात आणि म्हातारपण हा त्याचा संचित परिणाम असतो. १९७२ साली त्यांनी या कल्पनेच्या केंद्रस्थानी मायटोकॉन्ड्रिया आणले. त्याला कारणही होते. मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यावर अन्नातून आलेले इलेक्ट्रॉन एका प्रथिन-संकुलाकडून दुसऱ्याकडे जातात आणि त्या प्रवासात ऊर्जा साठवली जाते; पहिल्या दोन संकुलांकडून तिसऱ्याकडे इलेक्ट्रॉन नेण्याचे काम क्यू-१० करते. वाटेत काही इलेक्ट्रॉन निसटून प्राणवायूला चिकटतात आणि सुपरऑक्साइड नावाचा मूलक तयार होतो. क्यू-१० स्वतः १९५७ साली फ्रेडरिक क्रेन यांना गाईच्या हृदयातल्या मायटोकॉन्ड्रियात सापडले.

यावरून ‘मूलक वाईट, म्हणून मूलक शोषणारी गोळी चांगली’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, आणि अनेक वर्षे वैद्यक जगतानेही तो गांभीर्याने घेऊन मोठ्या चाचण्यांत तपासला. त्या चाचण्यांचे निकाल मी वहीत उतरवून काढले, तेव्हा मला खरोखर भीती वाटली. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील अभ्यासात बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. तो निकाल १९९४ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील ३५,५३३ पुरुषांच्या चाचणीत ‘ई’ जीवनसत्त्वाच्या ४०० युनिटांच्या गोळीने प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढल्याचे २०११ साली जाहीर झाले. चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१२च्या आढाव्यात ७८ चाचण्यांतील २,९६,७०७ माणसांची माहिती एकत्र पाहिली गेली आणि बीटा कॅरोटीन, ‘ई’ आणि मोठ्या मात्रेतील ‘ए’ जीवनसत्त्व घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण किंचित अधिक असल्याचे दिसले. ‘सी’ आणि सेलेनियम यांच्याबाबत तसे दिसले नाही, पण आयुष्य वाढल्याचेही दिसले नाही. आपण ज्याला निरुपद्रवी समजून घराघरांत वाटतो, त्याची ही नोंद आहे.

असे का व्हावे, याचे मला पटलेले उत्तर २००९च्या एका जर्मन अभ्यासात मिळाले. नियमित व्यायाम करवून घेतलेल्या तरुणांना १००० मिलिग्रॅम ‘सी’ आणि ४०० युनिट ‘ई’ दिले, तेव्हा व्यायामामुळे इन्सुलिनला मिळणारा शरीराचा प्रतिसाद जो सुधारायला हवा होता, तो सुधारलाच नाही. गोळ्या न घेणाऱ्यांत मात्र सुधारला. व्यायामाच्या वेळी तयार होणारे ते थोडे मूलक पेशीला संदेश देत असतात, की संरक्षक एन्झाइम वाढवा आणि नवे मायटोकॉन्ड्रिया घडवा. तो संदेशच बाहेरून पुसून टाकला तर लाभही जातो. हे वाचल्यानंतर वहीत गोळ्यांच्या तुलनेसाठी केलेल्या माझ्या तक्त्याचे शीर्षक बदलले. ‘सर्वांत प्रबळ अँटिऑक्सिडंट कोणते’ हा प्रश्न मी खोडला आणि त्याऐवजी लिहिले: कोणत्या माणसाला, कोणत्या त्रासासाठी, किती मात्रेत, माणसांवरच्या कोणत्या चाचणीत उपयोग झाला.

ऑक्टोबरच्या मध्यात आम्ही बाटल्या, चालू औषधांची यादी आणि वही घेऊन डॉक्टरांकडे गेलो. येथे एक सूचना आवर्जून करते: बाटलीचा फोटो न दाखवता बाटलीच न्यावी, कारण मागच्या बाजूची बारीक छपाई डॉक्टरांना वाचता यायला हवी. आमच्या डॉक्टरांनी ती पूर्ण वाचली. त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती अशी की स्टॅटिन स्वतःहून एक दिवसही बंद करायचे नाही. दुसरी, गोळीची चर्चा करण्याआधी दुखण्याचे कारण शोधायचे. त्यांनी सीपीके (स्नायूंना इजा झाल्यास वाढणारे एन्झाइम), टीएसएच (थायरॉइडसाठी), ‘डी’ जीवनसत्त्व आणि बी१२ या तपासण्या लिहून दिल्या. फोंड्यातल्या खासगी प्रयोगशाळेत त्यांचे सुमारे तीन हजार रुपये झाले आणि सगळे अहवाल यायला तीन दिवस लागले. तपासणीपूर्वी त्यांनी बायोटिन असलेली गोळी चालू आहे का, हे मुद्दाम विचारले. केस आणि नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांत बायोटिन मोठ्या मात्रेत असते आणि त्यामुळे थायरॉइडचे, तसेच हृदयविकाराच्या झटक्यात पाहिल्या जाणाऱ्या ट्रोपोनिनचे आकडे चुकीचे येऊ शकतात. ही माहिती प्रत्येक घरात असायला हवी असे मला वाटते.

अहवालात सीपीके मर्यादेच्या थोडे वर, थायरॉइड ठीक, ‘डी’ कमी आणि बी१२ बरेच कमी निघाले. मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेतल्यास बी१२चे शोषण घटते, हे डॉक्टरांनी समजावले. थकव्याचा मोठा वाटा तिथे असू शकत होता. बी१२ आणि ‘डी’ सुरू झाले, रोसुव्हास्टॅटिन २०वरून १०वर आणून सोबत एझेटिमाइब हे कोलेस्टेरॉलचे दुसरे औषध दिले, आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, आठ आठवड्यांनी पुन्हा तपासायचे ठरले. अ‍ॅस्पिरिन चालू असताना ‘ई’ जीवनसत्त्वाची मोठी मात्रा आणि रेस्व्हेराट्रॉल नको, कारण रक्तस्रावाची शक्यता वाढते. मधुमेहाचे औषध चालू असताना लिपोइक आम्लाने साखर आणखी उतरू शकते. ज्यांना रक्त पातळ करणारे वॉरफरिन चालू आहे त्यांच्यासाठी त्यांनी आणखी एक सांगितले: क्यू-१०ची रचना ‘के’ जीवनसत्त्वाशी मिळतीजुळती असल्याने वॉरफरिनचा परिणाम कमी होऊ शकतो. क्यू-१०ला त्यांनी नाही म्हटले नाही. एका वेळी एकच बदल करायचा, म्हणून ते नंतर पाहू, एवढेच म्हणाले. त्या दिवशी घरी येताना मला अनेक आठवड्यांनी हलके वाटले.

नोव्हेंबरात, ते बदल रुजत असताना, मी तुलना पुरी केली. क्यू-१०बाबत सर्वांत भक्कम पुरावा हृदय-अशक्ततेचा आहे: २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ४२० रुग्णांच्या चाचणीत १०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, असे दोन वर्षे दिल्यावर हृदयाच्या गंभीर घटना १५ टक्के रुग्णांत झाल्या, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत २६ टक्के. ते रुग्ण आपली नेहमीची औषधेही घेतच होते. उलट पार्किन्सनमध्ये, जिथे मायटोकॉन्ड्रियाचा बिघाड स्पष्ट आहे, १२०० आणि २४०० मिलिग्रॅमची ६०० रुग्णांची चाचणी उपयोग दिसेना म्हणून थांबवावी लागली. स्टॅटिनच्या स्नायुदुखीबाबत निकाल परस्परविरोधी आहेत. २०१५च्या एका एकत्रित विश्लेषणात लाभ दिसला नाही, २०१८च्या दुसऱ्यात दिसला. म्हणजे करून पाहायला हरकत नाही, पण आशा बेताची ठेवायची.

क्यू-१०चे दुसरे, स्वस्त रूप म्हणजे युबिक्विनोन. ‘चाळिशीनंतर युबिक्विनोन शरीराला वापरता येत नाही, म्हणून महाग युबिक्विनॉलच घ्या’ हा दावा विक्रेते फार ठासून करतात. प्रत्यक्षात युबिक्विनोन शोषले जाताना बहुतांशी युबिक्विनॉलमध्येच बदलते, आणि रक्तात ते मुख्यत्वे त्याच रूपात फिरते. फरक पडतो तो बनावटीने: कोरड्या स्फटिकांची भुकटी भरलेल्या कॅप्सूलपेक्षा तेलात नीट विरघळवलेली मऊ कॅप्सूल चांगली शोषली जाते, ती तेल-तुपाच्या जेवणासोबत घ्यायची असते, आणि एकदम मोठ्या मात्रेपेक्षा दोन वेळा विभागून घेणे बरे. अन्नातूनही ते दिवसाला काही मिलिग्रॅम मिळते. बांगडा आणि तारली हे त्याचे चांगले स्रोत आहेत. चाचण्यांतली शंभर-तीनशे मिलिग्रॅमची मात्रा मात्र जेवणातून मिळणे अशक्य, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

क्यू-१०पासूनच बनवलेल्या मायटोक्यू नावाच्या गोळीने मला सर्वांत अधिक विचार करायला लावला. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात मायकेल मर्फी आणि रॉब स्मिथ यांनी क्यू-१०च्या सक्रिय भागाला धनभारित रेणू जोडला. मायटोकॉन्ड्रियाचा आतला भाग ऋणभारित असल्याने हे द्रव्य बाहेरच्यापेक्षा शेकडो पटींनी आत गोळा होते. कल्पना सुंदर आहे. २०१८च्या अभ्यासात २० वयस्कर व्यक्तींनी सहा आठवडे रोज २० मिलिग्रॅम घेतल्यावर हाताच्या धमनीची प्रसरणक्षमता ४२ टक्क्यांनी सुधारली. पण माणसे केवळ २०, आणि बाटलीवरची नेहमीची मात्रा १० मिलिग्रॅम, म्हणजे चाचणीच्या निम्मी. पार्किन्सनच्या १२८ रुग्णांत फरक पडला नाही, आणि अमेरिकेच्या वृद्धत्व संस्थेच्या उंदरांवरील कार्यक्रमात आयुष्यही वाढले नाही. त्याच कार्यक्रमात रेस्व्हेराट्रॉलनेही सामान्य उंदरांचे आयुष्य वाढवले नाही. अ‍ॅस्टाझँथिन या कोळंबीतल्या लाल रंगद्रव्याने नर उंदरांचे मध्यम आयुष्य १२ टक्क्यांनी वाढवले, माद्यांचे नाही. डाळिंबातल्या घटकांपासून आतड्यातले जिवाणू जे युरोलिथिन-ए बनवतात, त्याच्या २०२२च्या चाचणीत ६५ ते ९० वयाच्या व्यक्तींच्या स्नायूंचा टिकाव सुधारला, पण सहा मिनिटांत चालण्याचे अंतर लक्षणीय वाढले नाही. लिपोइक आम्लाचा ६०० मिलिग्रॅममध्ये मधुमेही नसांच्या जळजळीला काही उपयोग दिसतो. मात्र क्वचित काही व्यक्तींत त्याने इन्सुलिनविरोधी प्रतिपिंडे तयार होऊन साखर धोकादायकरीत्या उतरते. पीक्यूक्यूबाबत माणसांवरचे अभ्यास इतके लहान आहेत की मी तो रकाना रिकामा ठेवला.

खर्चाचा अंदाज असा निघाला: तेलातले युबिक्विनोन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, महिना दीड ते दोन हजार रुपये, युबिक्विनॉल त्याच्या दुपटीच्या आसपास, मायटोक्यू परदेशातून मागवल्यास पोस्टेज धरून महिना सात-आठ हजार. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घराला हा आकडा आधी ठाऊक असावा, कारण अशी गोळी एक महिन्यापुरती कधीच नसते.

डिसेंबरमध्ये एलडीएल ५८ आले आणि डॉक्टर समाधानी होते. दुखणेही बरेच ओसरले होते. उरले होते ते सकाळच्या जिन्यापुरते. आता क्यू-१० तीन महिने करून पाहा, असे त्यांनी सांगितले, आणि मग कागदपत्रांचा भाग सुरू झाला. भारतात ही उत्पादने अन्न म्हणून विकली जातात, औषध म्हणून नव्हे. लेबलवर ‘हेल्थ सप्लिमेंट’ हे शब्द, औषधी वापरासाठी नसल्याची सूचना आणि एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेचा १४ अंकी परवाना क्रमांक असावा लागतो. तो क्रमांक फॉसकॉस या सरकारी संकेतस्थळावर टाकला की परवाना कोणाचा, कुठल्या पत्त्याचा आणि चालू आहे का, हे लगेच दिसते. मात्र परवाना म्हणजे कॅप्सूल तपासली गेल्याचा दाखला नव्हे, हे ध्यानात ठेवावे. भाच्याने आणलेल्या बाटल्यांनाही हेच लागू होते. अमेरिकेत १९९४च्या कायद्याप्रमाणे अशा गोळ्यांना विक्रीपूर्वी मंजुरी लागत नाही, आणि यूएसपीसारख्या त्रयस्थ तपासणीचे चिन्ह त्या तिघींवर नव्हते.

मी निवडलेल्या दोन कंपन्यांना ईमेल करून, बॅच क्रमांक देऊन, त्या बॅचचे विश्लेषण प्रमाणपत्र मागितले. एकीने आठवड्याभरात पाठवले. त्यात क्यू-१०चे प्रत्यक्ष प्रमाण, जड धातूंची आणि जिवाणूंची तपासणी होती. दुसरीकडून जाहिरातीचे पत्रक आले, पुन्हा विचारल्यावर काहीच आले नाही. प्रमाणपत्र मागण्याचा ग्राहकाला संकोच वाटतो, मलाही वाटला, पण उत्तर येते की नाही यावरूनच पुष्कळ कळते.

याच सुमारास मला अन्नसुरक्षा कायदा २००६चे कलम ४० कळले. त्यानुसार साधा ग्राहकही शुल्क भरून आपण घेतलेला अन्नपदार्थ सरकारी अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो आणि अहवाल १४ दिवसांत मिळण्याची तरतूद आहे; परंतु तपासणीचा आपला हेतू खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो. गोव्यात त्यासाठी बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासन संचालनालयात चौकशी करावी. मला तक्रार करायची नव्हती, केवळ आकडा हवा होता, म्हणून जानेवारीत मी एनएबीएल या प्रयोगशाळा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या गोव्याबाहेरच्या खासगी प्रयोगशाळेचा मार्ग घेतला. आमच्या फार्मसीवाल्यांना हेतू सांगितला, तर ते म्हणाले, ‘वहिनी, अहवाल आला की मलाही दाखवा, मी तरी दुसरे कोणते ठेवू?’ दोन्ही कंपन्यांच्या सीलबंद बाटल्या पाठवल्या. पाठवण्याआधी प्रयोगशाळेला फोन करून किती कॅप्सूल लागतील, सगळ्या एकाच बॅचच्या हव्यात का आणि तपासणी कोणत्या पद्धतीने होईल हे विचारून घ्यावे. दोन नमुन्यांचा खर्च कुरिअर आणि जीएसटी धरून नऊ हजारांच्या आत झाला, जो एका घराला जड आहे. आम्ही चौघा शेजाऱ्यांनी तो वाटून घेतला, कारण तिघांच्या घरी तीच गोळी चालू होती.

फेब्रुवारीत अहवाल आला. प्रमाणपत्र पाठवणाऱ्या कंपनीच्या कॅप्सूलमध्ये १०० मिलिग्रॅमच्या जागी ९७ होते, दुसरीत ६४. एका बॅचवरून एखाद्या कंपनीला दोषी ठरवता येत नाही, आणि क्यू-१० उजेडाने व उष्णतेने खराब होते, ते ५० अंशांच्या आसपास वितळतेही. वाहतुकीत किंवा गोदामात काय झाले हे मला माहीत नाही. म्हणून नाव लिहीत नाही. पण आपल्या मे महिन्यात बंद गाडीतून फिरणारे पार्सल किती तापत असेल, याचा विचार करून उन्हाळ्यात ते ऑनलाइन मागवू नये, आणि पावसाळ्याच्या दमटपणात कॅप्सूल मूळ बाटलीतच, आतली शोषक पुडी न काढता ठेवाव्यात, एवढे मी खात्रीने सुचवते.

यजमानांनी फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेअखेरपर्यंत १०० मिलिग्रॅम दोन वेळा, जेवणासोबत घेतले. रोज रात्री दुखण्याला शून्य ते दहा असा आकडा द्यायचा आणि मागचे आकडे पाहायचे नाहीत, असा आमचा नियम होता. जूनमध्ये गोळी बंद केली आणि नोंद चालू ठेवली. घेतानाचे आणि बंद केल्यानंतरचे आकडे शेजारी ठेवले तेव्हा फरक दिसला नाही. खरी उतरण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्येच, स्टॅटिनची मात्रा आणि बी१२ बदलल्यानंतर झाली होती. डॉक्टरांनी नोंदी पाहिल्या आणि पुन्हा सुरू करण्याचे कारण नाही असे सांगितले. एका माणसाचा हा अनुभव दुसऱ्याला जसाच्या तसा लागू होणार नाही, विशेषतः ज्यांचे हृदय अशक्त आहे त्यांनी तो आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यावर चढवू नये.

माझ्यापुरते सांगायचे तर मी स्वतः यातले काहीच सुरू केले नाही, आणि पूर्वी सर्दीच्या भीतीने रोज घेत असलेली ‘सी’ व ‘ई’ची गोळीही नोव्हेंबरात थांबवली. आम्ही दोघे सकाळी चालतो, आठवड्यातून दोनदा मी व्यायामशाळेत वजन उचलते. नवे मायटोकॉन्ड्रिया घडवणारी जी यंत्रणा पीक्यूक्यूच्या जाहिरातीत दाखवतात, तीच स्नायूंच्या श्रमाने जागी होते, आणि याला माणसांवरचा पुरावा भरपूर आहे. यजमानांचे बी१२ आणि एलडीएल २०२५च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा तपासायचे ठरले. तपासणीच्या फाइलमध्ये औषधांची यादी, बॅचचे प्रमाणपत्र, प्रयोगशाळेचा अहवाल आणि दुखण्याचा तक्ता अशी चार पाने सर्वांत वर ठेवली आहेत. डॉक्टरांकडे मिळणाऱ्या थोड्या वेळात तेवढी पुरतात.